वरचा आकडा, खालचा आकडा: मूलद्रव्याची संज्ञा वाचायची कशी

नववीतल्या एका मुलीची वही तपासत होते. प्रश्न साधा होता: क्लोरीनच्या अणूत न्यूट्रॉन किती? तिने भिंतीवरच्या आवर्तसारणीतून ३५.५ हा आकडा उचलला, त्यातून १७ वजा केले आणि उत्तर लिहिलं, १८.५. त्याखाली पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, मलाच प्रश्न विचारला होता: "बाई, अर्धा न्यूट्रॉन कुठे असतो?"

वजाबाकी बरोबर होती आणि शंका तर फारच चांगली होती. चुकला होता तो तिने उचललेला आकडा. निफाड तालुक्यात मी संध्याकाळचे वर्ग घेते आणि दर वर्षी कोणी ना कोणी नेमकं इथेच अडतं. मुलं हुशार असतात, सूत्र पाठ असतं, पण कुठला आकडा काय सांगतो हे कधी नीट बसून पाहिलेलं नसतं.

हा लेख आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे, त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांसाठी आहे आणि स्पर्धा परीक्षेसाठी विज्ञानाचं पुस्तक बऱ्याच वर्षांनी उघडणाऱ्यांसाठीही आहे. वही-पेन्सिल जवळ घ्या. मी वर्गात फळ्याकडे पाठ करून तोंडी सांगते तसंच इथेही सांगणार आहे: संज्ञेतली अक्षरं मी बोलून दाखवीन, तुम्ही ती वहीत रोमन लिपीत लिहायची. स्वतःच्या हाताने लिहिलेली संज्ञा जास्त लक्षात राहते.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू

मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणू एकत्र येऊन झालेला कण. हिंदीत पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. म्हणजे तोच शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टींना लागतो. मराठी माध्यमाची मुलं यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ बघतात, तिथे 'पानी का अणु' ऐकतात आणि वहीत 'पाण्याचा अणू' लिहितात. पाण्याचा रेणू असतो. व्हिडिओ जरूर बघा, पण भाषा बदलली की हा शब्दही बदलतो, एवढं मनात पक्कं ठेवा.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात. केंद्रकाबाहेर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. आपल्याला मोजायचे आहेत ते हे तीनच कण.

पायरी १: अक्षरं वाचा

वहीत इंग्रजी 'सी' मोठा काढा, त्याला लागून 'ओ' छोटा काढा. ही कोबाल्टची संज्ञा झाली. आता खाली पुन्हा 'सी' मोठा काढा आणि 'ओ'सुद्धा मोठा काढा. हा कार्बन मोनॉक्साईड: एक अणू कार्बनचा, एक ऑक्सिजनचा, विषारी वायू. एका अक्षराच्या आकाराने धातूचा वायू झाला. म्हणून नियम असा की पहिलं अक्षर नेहमी मोठं आणि दुसरं असेल तर नेहमी छोटं. घाईत लिहिताना सगळी अक्षरं मोठी काढायची सवय असेल तर ती आजच सोडा.

अक्षरांची ही पद्धत स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास मांडली. त्याने मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांवरून अक्षरं घेतली, म्हणून काही संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाहीत. सोडियमची 'एन-ए' ही नेट्रियमवरून, पोटॅशियमची 'के' कॅलियमवरून, लोखंडाची 'एफ-ई' फेरमवरून, तांब्याची 'सी-यू' क्युप्रमवरून, सोन्याची 'ए-यू' ऑरमवरून आणि शिशाची 'पी-बी' प्लंबमवरून आली. या पाठ कराव्याच लागतात. दहा-बाराच आहेत, दोन दिवसांत होतात.

पायरी २: खालचा आकडा म्हणजे अणूची ओळख

कोबाल्टच्या संज्ञेच्या डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात २७ लिहा. हा अणुअंक. पुस्तकात त्याच्यासाठी 'झेड' हे अक्षर वापरतात. जर्मन भाषेत संख्येला 'त्साल' म्हणतात, त्या शब्दाचं हे पहिलं अक्षर.

अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. २७ प्रोटॉन असले की तो अणू कोबाल्टचाच, मग तो खाणीतल्या दगडात असो, अणुभट्टीत असो की एखाद्या गोळीतल्या जीवनसत्त्वात असो. एक प्रोटॉन वाढला की २८, म्हणजे निकेल. एक कमी झाला की २६, म्हणजे लोह. न्यूट्रॉन कमी-जास्त झाले तरी अणूचं नाव बदलत नाही, इलेक्ट्रॉन गेले-आले तरी बदलत नाही. प्रोटॉन बदलला की मात्र मूलद्रव्यच बदलतं.

ही गोष्ट आज आपण एका ओळीत सांगतो, पण ती कळायला बराच काळ गेला. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यं मांडली ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. तेव्हा अणुअंक म्हणजे यादीतला नुसता क्रमांक होता, हजेरीपटावर असतो तसा. पण या मांडणीत काही जोड्या अडायच्या. आर्गॉनचं अणुवस्तुमान ३९.९५ आणि पोटॅशियमचं ३९.१०. वस्तुमानाप्रमाणे लावायचं तर पोटॅशियम आधी यायला हवं. तसं केलं तर निष्क्रिय आर्गॉन जाऊन बसतो सोडियम-लिथियमच्या रांगेत आणि पाण्यात टाकताच पेट घेणारं पोटॅशियम जातं निष्क्रिय वायूंमध्ये. टेल्युरियम आणि आयोडीन यांचंही असंच. तिथे मेंडेलीव्हने गुणधर्मांवर भरवसा ठेवला आणि जड असूनही टेल्युरियम आधी ठेवलं. जागा बरोबर होती, पण कारण त्याच्याकडे नव्हतं.

ते कारण हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये शोधलं. त्याने एकेका मूलद्रव्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली आणि तिचं वर्गमूळ काढून आलेख काढला. एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ते वर्गमूळ सारख्या अंतराने वाढत होतं, पायऱ्या चढाव्यात तसं. केंद्रकातला धनप्रभार एकेकाने वाढतो, त्याचा हा पुरावा होता. हजेरीपटावरचा क्रमांक खरं तर केंद्रकातच लिहिलेला होता! आर्गॉन १८, पोटॅशियम १९. अडलेली जोडी सुटली. ४३, ६१ आणि ७५ या क्रमांकांची मूलद्रव्यं अजून सापडायची आहेत, हेही याच मांडणीतून दिसलं आणि पुढे ती तिन्ही मिळाली. मोझली मात्र हे बघायला राहिला नाही. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१५ मध्ये, गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय होतं २७. कोबाल्टचा अणुअंकही २७. माझ्या वर्गातली मुलं हा आकडा मग विसरत नाहीत.

पायरी ३: वरचा आकडा म्हणजे केंद्रकातली एकूण डोकी

आता कोबाल्टच्या त्याच डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, ५९ लिहा. हा अणुवस्तुमानांक. त्याच्यासाठी 'ए' हे अक्षर वापरतात. केंद्रकात जेवढे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आहेत त्यांची ही बेरीज.

मग न्यूट्रॉन किती? वरच्यातून खालचा वजा करा: ५९ वजा २७, म्हणजे ३२. सगळी करामत एवढीच आहे.

इलेक्ट्रॉन या बेरजेत का नाहीत, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका असतो. कोबाल्टच्या २७ इलेक्ट्रॉनचं मिळून वस्तुमान एका प्रोटॉनच्या दोन टक्केसुद्धा भरत नाही. वस्तुमानाच्या हिशेबात ते नसल्यासारखेच.

या नावातली शेवटची अक्षरं नीट बघा: अणुवस्तुमान-अंक. अंक. अणुअंकातही अंक. दोन्ही आकडे मोजून मिळालेले आहेत, वजन करून नव्हे. ताटातल्या पोळ्या मोजाव्यात तसे. म्हणून ते नेहमी पूर्ण संख्येतच येतात. वर किंवा खाली दशांश चिन्ह दिसलं की समजा, हा आकडा चुकीच्या ठिकाणाहून आला आहे. मराठीने हे नावातच सांगून ठेवलंय आणि आपण ते वाचून पुढे जातो, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

खालचा-वरचा गोंधळ होत असेल तर एक पडताळा सांगते. अणुवस्तुमानांक अणुअंकापेक्षा लहान कधीच नसतो. दोन्ही समान असतात ते फक्त साध्या हायड्रोजनच्या बाबतीत, कारण त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन असतो आणि न्यूट्रॉन नसतोच. बाकी सगळीकडे मोठा आकडा 'ए' आणि लहान आकडा 'झेड'. हा पडताळा महत्त्वाचा आहे, कारण भिंतीवरच्या अनेक तक्त्यांत चौकटीच्या वरच्या भागात अणुअंक छापलेला असतो आणि खाली वस्तुमान. म्हणजे संज्ञेच्या बरोबर उलट! जागा पाठ करू नका, आकडा ओळखा.

बऱ्याचदा खालचा आकडा लिहितच नाहीत. बातम्यांत कार्बन-१४, युरेनियम-२३५, आयोडीन-१३१ असं येतं. नावापुढचा हा आकडा नेहमी अणुवस्तुमानांकच असतो. अणुअंक वेगळा सांगायची गरज नसते, कारण तो नावातच आला: युरेनियम म्हटलं की ९२, आयोडीन म्हटलं की ५३.

पायरी ४: उजवी बाजू

संज्ञेच्या डाव्या बाजूला केंद्रकाची गोष्ट असते, उजव्या बाजूला बाहेरची. उजवीकडे वर प्रभार लिहितात, उजवीकडे खाली रेणूतल्या अणूंची संख्या. ऑक्सिजनच्या उजवीकडे खाली २ असेल तर दोन अणूंचा रेणू, एवढंच त्याचं म्हणणं. हा २ आणि डावीकडचा ८ यांची गाठ घालू नका.

प्रभार वाचताना थोडं थांबा. उजवीकडे वर काहीच नसेल तर अणू उदासीन आहे, म्हणजे जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन. अधिक चिन्ह असेल तर इलेक्ट्रॉन गेलेले आहेत. उणे चिन्ह असेल तर आलेले आहेत. अधिक म्हणजे वाढले असं मन पटकन म्हणतं आणि तिथेच गुण जातात. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित आहे, तो निघून गेला की मागे धनप्रभार उरतो. खिशावरचं कर्ज फिटावं तसं समजा: ऋण गेलं की माणूस वर येतो.

सोडियम घ्या. डावीकडे वर २३, खाली ११, उजवीकडे वर अधिक चिन्ह. प्रोटॉन ११, न्यूट्रॉन १२, इलेक्ट्रॉन ११ वजा १ म्हणजे १०. गंधक घ्या: वर ३२, खाली १६, उजवीकडे २ आणि उणे. प्रोटॉन १६, न्यूट्रॉन १६, इलेक्ट्रॉन १६ अधिक २ म्हणजे १८.

आता हे चार अणू आणि आयन (म्हणजे प्रभार असलेले अणू) वहीत एकाखाली एक लिहा: उणे चिन्हाचं फ्लोरीन (खाली ९), निऑन (खाली १०), अधिक चिन्हाचं सोडियम (खाली ११), ३ अधिक प्रभाराचं ॲल्युमिनियम (खाली १३). चौघांचेही इलेक्ट्रॉन मोजा. चारही वेळा १० येतात. इलेक्ट्रॉन सारखे झाले म्हणून फ्लोरीनचं निऑन झालं नाही की सोडियमचंही झालं नाही. मिठातलं सोडियम हे सोडियमच राहतं, कारण त्याचे ११ प्रोटॉन जागच्या जागी आहेत. दुसऱ्या पायरीत सांगितलेली ओळख इथे पारखून घ्या.

पायरी ५: तक्त्यातला दशांश

आता त्या मुलीच्या अर्ध्या न्यूट्रॉनकडे येऊ.

निसर्गात क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू सापडतात. दोघांत प्रोटॉन १७च, नाहीतर ते क्लोरीन कसले? पण एकात न्यूट्रॉन १८ असतात, म्हणून अणुवस्तुमानांक ३५. दुसऱ्यात न्यूट्रॉन २०, म्हणून ३७. अशा भावंडांना समस्थानिके म्हणतात, कारण आवर्तसारणीत त्यांचं स्थान एकच. क्लोरीनचे चार अणू उचलले तर साधारण तीन ३५चे निघतात आणि एक ३७चा.

सरासरी काढा. ३५ गुणिले ३ म्हणजे १०५, त्यात ३७ मिळवले की १४२, भागिले ४ म्हणजे ३५.५. तक्त्यातला आकडा आला तो असा.

आमच्याकडे कांद्याची पोती सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून वर्गात मी पोत्यांवर सांगते. तीन पोती ३५ किलोची, एक ३७ किलोचं. सरासरी ३५.५ किलो. आता गोदामात जा आणि साडेपस्तीस किलोचं पोतं शोधा. एकही मिळणार नाही. तसा ३५.५चा क्लोरीनचा अणू कुठेच नाही. तक्त्यातला आकडा हा सगळ्या समस्थानिकांचं सरासरी अणुवस्तुमान आहे आणि संज्ञेच्या वरचा आकडा एका ठरावीक अणूतली मोजणी आहे. एक आहे गोदामाचा हिशेब, दुसरा एका पोत्याचा.

(बारकाईने वाचणाऱ्यांसाठी: तक्त्यात नेमका आकडा ३५.४५ असतो. ३५च्या अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान ३४.९७ एवढं भरतं आणि प्रमाणही अगदी तीनास एक नाही, म्हणून हा फरक. हे वस्तुमान मोजायचं माप म्हणजे कार्बन-१२च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग.)

"मग दशांश जवळच्या पूर्णांकात बदलून घेतला तर चालेल का?" हा पुढचा प्रश्न. सोडियमला चालतं: २२.९९ म्हणजे २३, आणि निसर्गात सोडियमचा हा एकच प्रकार आहे. फ्लोरीन १९, ॲल्युमिनियम २७, फॉस्फरस ३१, सोनं १९७, यांनाही चालतं, कारण तेही एकेकटेच. पण तांब्याचं बघा. तक्त्यात ६३.५५. पूर्णांक केला तर ६४. घरातल्या तांब्याच्या कळशीत ६४चा अणू शोधायला गेलात तर सापडायचा नाही, तिथे आहेत ६३ आणि ६५. ब्रोमीन तर याहून फसवं: ७९.९० दिसतं, कोणीही ८० म्हणेल. प्रत्यक्षात ७९ आणि ८१ जवळपास निम्मे निम्मे, ८०चा पत्ताच नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. प्रश्नात अणुवस्तुमानांक दिला असेल तर तोच घ्या, तक्त्याकडे बघूसुद्धा नका. दिला नसेल आणि पूर्णांक करावाच लागला, तर उत्तरात 'समस्थानिक अमुक धरून' असं लिहा. दोन शब्द लिहायला काही पडत नाही आणि आपण काय गृहीत धरलंय हे तपासणाऱ्याला कळतं.

एका वायूची तीन भावंडं

समस्थानिकांत नावं वेगळी मिळालेली आहेत ती हायड्रोजनच्या घरात. तिघांच्याही खाली १. वर अनुक्रमे १, २ आणि ३. न्यूट्रॉन शून्य, एक आणि दोन. दुसऱ्याला ड्युटेरियम म्हणतात, तिसऱ्याला ट्रिटियम, आणि तो किरणोत्सारी आहे.

एका न्यूट्रॉनने काय फरक पडतो, हे इथे डोळ्यांना दिसतं. साध्या पाण्याच्या रेणूत १६ अधिक १ अधिक १, म्हणजे १८. ड्युटेरियमच्या पाण्यात १६ अधिक २ अधिक २, म्हणजे २०. म्हणून ते 'जड पाणी'. त्याचा बर्फ साध्या पाण्याच्या पेल्यात टाकला तर तळाला जातो, तरंगत नाही. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे आणि तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीत जड पाणी वापरतात. दिसायला पाणीच.

याच्या उलटही होतं: वरचा आकडा सारखा, खालचा वेगळा. आर्गॉन-४०, पोटॅशियम-४० आणि कॅल्शियम-४० यांचे अणुअंक १८, १९ आणि २०. न्यूट्रॉन २२, २१ आणि २०. बेरीज सगळ्यांची ४०. यांना समभारिके म्हणतात. बेरीज जुळली म्हणून नातं जुळत नाही, ही तीन पूर्ण वेगळी मूलद्रव्यं आहेत.

पायरी ६: शिकलेलं लासलगावला नेऊन बघू

लासलगाव म्हटलं की कांद्याचा बाजार. तिथेच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण कांद्यावर सोडले की साठवणीत त्याला कोंब फुटत नाहीत. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तोही इथल्या विकिरण प्रक्रियेतून, कारण आंब्यातून कीड तिकडे जाऊ नये अशी त्यांची अट होती.

आता संज्ञा वाचा. निसर्गातलं कोबाल्ट ५९चं असतं: २७ प्रोटॉन, ३२ न्यूट्रॉन. अणुभट्टीत त्याच्या केंद्रकाने एक न्यूट्रॉन गिळला. खालचा आकडा हलला का? नाही, प्रोटॉन तेवढेच आहेत. वरचा मात्र ५९चा ६० झाला. न्यूट्रॉन ३३. हे कोबाल्ट-६०.

हे केंद्रक टिकाऊ नाही. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. वर किती? एक न्यूट्रॉन गेला, एक प्रोटॉन आला, बेरीज ६०च. खाली किती? २८. आणि २८ म्हणजे निकेल. कोबाल्टचं निकेल झालं! ही घडामोड होताना गॅमा किरण निघतात, कांद्यावर काम करतात ते हेच. सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे कोबाल्ट-६० अशा रीतीने निकेल होतात, म्हणून असा स्रोत अधूनमधून नव्याने भरावा लागतो.

अकरावीच्या मुलांनी हे समीकरण वहीत मांडावं. डावीकडे कोबाल्ट, उजवीकडे निकेल आणि इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनच्या वर शून्य लिहा, खाली उणे १. वरच्या ओळीची बेरीज: ६० बरोबर ६० अधिक शून्य. खालच्या ओळीची: २७ बरोबर २८ वजा १. दोन्ही ओळी जुळल्या की समीकरण बरोबर. अशा कुठल्याही समीकरणाचा पडताळा याच दोन बेरजांनी होतो.

आमच्या भागात अजूनही कोणी विचारतं, "बाई, तो कांदा खाल्ला तर आपल्यात किरणं येतात का हो?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची ऊर्जा कांद्यातल्या कार्बन-ऑक्सिजनच्या केंद्रकातून प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन बाहेर काढायला पुरत नाही. म्हणजे कांद्यातल्या एकाही संज्ञेचा ना वरचा आकडा बदलतो ना खालचा. कोबाल्ट कांद्याला लागतही नाही, ते आपल्या बंद नळीत असतं आणि कांद्यापर्यंत जातात ते फक्त किरण. एक्स-रे काढून आलेला माणूस जसा घरी येऊन किरण फेकत नाही, तसाच हा कांदा.

आता तुमची पाळी

उत्तरं झाकून करा.

लोह: वर ५६, खाली २६, उजवीकडे ३ अधिक. प्रोटॉन २६, न्यूट्रॉन ३०, इलेक्ट्रॉन २३.

आयोडीन-१३१, थायरॉइडच्या उपचारात वापरतात ते. अणुअंक ५३ आहे, उरलेलं काढा. न्यूट्रॉन ७८ यायला हवेत.

युरेनियम-२३५ आणि २३८. खाली दोन्हीकडे ९२. न्यूट्रॉन १४३ आणि १४६. निसर्गातल्या युरेनियमच्या दर हजार अणूंत साधारण सातच २३५चे असतात आणि अणुभट्टीत मुख्यतः तेच फुटतात. तीन न्यूट्रॉनचा हा फरक वेगळा काढायला देशोदेशी मोठाले कारखाने उभे आहेत.

आता उलट बाजूने: एका कणात १२ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन आणि १० इलेक्ट्रॉन आहेत, त्याची पूर्ण संज्ञा लिहा. आधी ओळख: १२ म्हणजे मॅग्नेशियम, अक्षरं 'एम' मोठा आणि 'जी' छोटा. डावीकडे खाली १२, वर २४. दोन इलेक्ट्रॉन कमी आहेत, म्हणून उजवीकडे वर २ अधिक. आकडा आधी, चिन्ह नंतर.

शेवटचा प्रश्न मी त्या १८.५ वाल्या मुलीला दिला होता. चांदीचा अणुअंक ४७, तक्त्यात वस्तुमान १०७.८७. तुझ्या पैंजणातल्या चांदीच्या अणूत न्यूट्रॉन किती? ती बराच वेळ काही लिहीना. मग म्हणाली, "बाई, समस्थानिके सांगितल्याशिवाय नाही सांगता येणार. १०८ असेलच असं कुठंय?" मी फळ्यावर लिहिलं, १०७ आणि १०९. तिने वहीत लिहिलं: ६० किंवा ६२. आणि त्याखाली, पुन्हा बारीक अक्षरात: '१०७चे थोडे जास्त असणार, कारण सरासरी १०८च्या खाली आहे.'